मिटलेली बोटं

१

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं. निजलेल्या घरात तो आवाज कुणी थाळी बडवावी तसा झाला. ऋताने झेप घेऊन गॅस बंद केला. आतल्या खोलीत राजसी कुशीवर वळली, अंगठा तोंडात गेला, पुन्हा सामसूम. चार वर्षांच्या पोरीची पहाटेची झोप मोडली नाही, तर आईला एक कप चहा गरम मिळतो. ऋताच्या दिवसातलं एवढंच काय ते तिचं स्वतःचं. झाकण हातात धरून ती कानोसा घेत उभी होती, तोच ओट्यावरचा फोन थरथरला.

"मॅडम, साखरोलीला यावं लागेल," पलीकडून हवालदार म्हणाला. "सरपंच सापडले."

"कुठे?"

"जुन्या पंचायतीच्या टाकीत. झाकणाखाली."

ऋताने हातातलं झाकण अलगद ओट्यावर टेकवलं.

खरवईची नवी टॉवरं मागे पडली की डांबर संपतं आणि साखरोली लागते. साखरोली, तळपाडा, कोंडेवाडी अशा तीन गावांची मिळून एके काळी गट ग्रामपंचायत होती. पुढे तिन्ही गावं नगरपालिकेत गेली. पंचायतीच्या कचेरीत आता झाडू, फावडी आणि डासांच्या धुराचं मशीन ठेवतात. दारावरची पाटी मात्र कुणी काढलेली नाही. तसंच कोंडाजी गायकरांचं. शेवटचे सरपंच ते. पंचायत गेली, खुर्ची गेली, 'सरपंच' हे नाव काही अंगावरून उतरलं नाही.

मे महिना. नळ कोरडे. कचेरीमागच्या जमिनीतल्या जुन्या टाकीत थोडं हिरवट पाणी उरलेलं, ते धुण्याला तरी होईल म्हणून पहाटे बायका गेल्या. लोखंडी झाकण दोघींनी मिळून सरकवलं, त्यातली एक सरपंचांची सून. आधी वास आला. मग पांढरं धोतर दिसलं.

डॉक्टरांनी दुपारी तपासून सांगितलं. रविवारी संध्याकाळनंतर केव्हा तरी मरण आलेलं. डोक्याला खोक होती, पण ती जीव घेणारी नव्हती. माणूस पाण्यात मेला होता, सावकाश. हातांची नखं मोडलेली होती.

टाकीत पाय घसरून पडता येतं. पण पडल्यावर आतून झाकण लावता येत नाही.

२

"सून," साहेब फोनवर म्हणाले. "रविवारी संध्याकाळी सासऱ्याशी कडाक्याचं भांडण. म्हातारा गायब, आणि ही बुधवारपर्यंत गप्प. प्रेत सापडलं तेव्हा झाकणाला हात कोणाचा होता? हिचाच. अजून काय पाहिजे?"

स्वप्नाली अंगणात भिंतीला टेकून बसली होती. दोन वर्षांपूर्वी नवरा बाइकच्या अपघातात गेला. तेव्हापासून अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला जात होती. भांडणाचं ती लपवत नव्हती.

"मी खरवईला भाड्याने खोली बघितली होती, मॅडम. तेजूची शाळा तिथून जवळ पडते. बाबा म्हणाले, जायचं तर तू जा, पोरगी या घरातली आहे. मी पण बोलले वाटेल ते. ते टोपी घालून निघून गेले."

"तक्रार का नाही दिलीस?"

"रागावले की ते मुरबाडला बहिणीकडे जायचे. फोन घरीच ठेवून. चार दिवसांनी फणस घेऊन परत यायचे, जसं काही झालंच नाही." तिचा आवाज फाटला. "सोमवारी सकाळी मी त्यांच्या ताटाला भाकर थापली होती. आलेच तर म्हणून."

तिच्या पाठीमागून सहा वर्षांची मुलगी पुढे आली. तेजस्वी. उजव्या हाताची मूठ अर्धवट मिटलेली. अंगठा आणि दोन बोटं आत, दोन बाहेर. ऋताने पुढे केलेलं बिस्किट तिने डाव्या हाताने घेतलं.

"हाताला लागलंय का गं?"

"नाय," तेजस्वी म्हणाली. "मिटवायचीत."

पोरांचे खेळ. राजसी परवा दिवसभर एका पायावर चालत होती. ऋता हसली आणि तिने तेजस्वीच्या कपाळावरचे केस मागे सारले. कपाळ कोरं होतं.

"मावशी, तू आईला नेणार?" तेजस्वीने विचारलं.

"कोण म्हणालं?"

"गाडीतले काका फोनवर बोलत होते."

ऋताने उठून जीपकडे पाहिलं. हवालदाराने मान वळवली. या पोरीला बाप नाही, आजोबा कालपर्यंत होते, आणि आई उद्यापर्यंत होती.

३

कैलास गायकर, कोंडाजींचा पुतण्या, जमिनींची कामं करायचा. गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल, गॉगलखाली मात्र रडून सुजलेले डोळे.

"मॅडम, मला काय विचारता? काका गेला म्हणजे माझीच वाट लागली. सगळं त्याच्या शब्दावर अटकलं होतं."

"कसला शब्द?"

"गावदेवीचं देऊळ नव्या रस्त्यात येतं. टॉवरवाले बोलले, देऊळ हलवा, आम्ही नवं बांधून देतो, मार्बल टाकून. गाव काकाशिवाय कोणाचं ऐकणार? महिनाभर मागे लागलो, तेव्हा रविवारी दुपारी हो बोलला. या पंचायतीच्या आवारात देवी बसवू, बोलला."

"गावाला माहीत होतं?"

"नाय ना! बोलला, सोमवारी सांगतो, आधी मोठ्यांच्या कानावर घालतो. सोमवारी काका नाय. मंगळवारी आमच्या भावकीत हळद होती, तिथं पण नाय. त्या दिवशी सगळ्या म्हाताऱ्यांनी टांग दिली, कसम से. मानाचा नारळ कमळातात्याचा, तो पण आला नाय. शेवटी मीच फोडला. मला कुठे येतं? दोन झटके मारले तरी फुटेना, बायका हसायला लागल्या."

"काकांचा कोणावर राग होता?"

"काकाचा नाय. पण काकावर तळपाड्याच्या धर्मराजचा. भर चौकात बोललेला, तुला टाकीत बुडवीन."

धर्मराजची गिरणी तळपाड्याच्या तिठ्यावर. आडदांड माणूस, मिशांवर कोंडा. गावं नगरपालिकेतून बाहेर काढा म्हणून गेली कित्येक वर्षं तो मोर्चे काढत होता.

"बोललो की!" त्याने गिरणीचा पट्टा थांबवला. "तीन गावांसमोर बोललो. कोंड्याने सही केली नि आमची गावं गिळली. पट्टी शहराची, पाणी रानातलं. बोललो, तुला त्याच टाकीत बुचकळून काढीन. पण मॅडम, मारायचं असलं तर आधी दवंडी पिटतो का कोण?"

"रविवारी संध्याकाळी कुठे होता?"

"कर्जतला, पुतणीच्या साखरपुड्याला. शंभर माणूस साक्षीला हाय." मग त्याचा आवाज उतरला. "गंमत सांगू? सोमवारी सकाळी गिरणी उघडली, तर भांडायला कोण नाय. तेव्हा कमळाकर गायकर भाताचं पोतं घेऊन आला, डोक्यावर. या वयात, बघा. मी आपली थट्टा केली, तात्या, तुमचा सरपंच कुठं तोंड काळं करून गेला? तर पोतं टाकलं नि शब्द न बोलता गेला. मला वाटलं, राग आला असंल."

ऋता जीपमध्ये बसली. कैलासला काका जिवंत हवा होता. धर्मराज कर्जतला होता; हवालदाराने फोन करून खातरजमा केली. उरली कोण?

साहेबांना उत्तर आधीच ठाऊक होतं.

४

गुरुवारी उन्हं कलताना ती गावदेवीच्या देवळापाशी गेली. चार खांब, कौलं, शेंदराने लिंपलेला उभा दगड. गाभाऱ्यात एक वाकलेली म्हातारी वात सारत होती. देवळाबाहेर पायरीपासून लांब एका धोंड्यावर साठीचा एक माणूस बसला होता. आडव्या हाडाचा, पांढरा सदरा, डोळे दिव्यावर.

"मीच कमळाकर," तो म्हणाला. "कोंडाजीचा चुलतभाव. तुमी जा वर, मॅडम, पाया पडा. आमाला सुतक. भावकीतलं मयत."

"रोजचा दिवा तुम्हीच लावता ना?"

"माझ्या बापापास्नं आमच्याच घरात हाय. चाळीस वर्सं झाली, मी खाडा नाय केला."

आतून म्हातारी बाहेर आली. वेणूबाई, कुंभारवाड्यातली. हाताला तेल, तोंडावर न मावणारी ऐट.

"खाडा कसा नाय? सोमवारपास्नं मीच करते की! याची कंबर धरली. येरवी याला कुठं जायचं झालं तर याची सून येते दिव्याला. यंदा सोमवारी उजाडायच्या आत माझ्या दारात हुबा. म्हनला, वेनू, तू कर. सत्तर वर्सं देवळाच्या सावलीत काढली गं बाय, पण कुंभाराच्या म्हातारीला देवीनं आत बोलावलं ते आत्ता."

"कंबर बरी आहे का आता?" ऋताने विचारलं.

"हाय तशी हाय," कमळाकर म्हणाला.

"देऊळ हलवणार होते, तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने पहिल्यांदाच दिव्यावरून नजर काढली. "देवीला कोन हलवतो?"

एवढंच. त्यात राग नव्हता. आपण शाळेतल्या पोराला सांगतो, सूर्य कोण विझवतो, तसं.

परतताना काही तरी खुपत होतं. चपलेत खडा असावा, आणि चप्पल काढून पाहिली तर नसावा, तसं. फोन वाजला.

"उद्या दहाला त्या सुनेला घेऊन या," साहेब म्हणाले. "पोरीची सोय बघा कुठे तरी. महिला बालकल्याणवाल्यांना सांगून ठेवलंय."

५

घरी आली तेव्हा राजसी जेवत नव्हती, नवऱ्याची, सोहमची, गाडी आली नव्हती आणि सासूबाई, उमाताई, ताकाला फोडणी देत होत्या. ऋताने वर्दीवरच राजसीला मांडीवर घेतलं. एक घास चिऊचा. सोय बघा कुठे तरी. एक घास काऊचा. तिचा हात थबकला, की राजसी तोंड उघडून वाट बघायची.

"त्या घरी कोणी करणारं आहे का गं?" उमाताईंनी विचारलं. वर्तमानपत्रात आलं होतं. "आणि मला आपलं सकाळपासून वाटतंय, रविवारी माणूस गेला, सापडला बुधवारी. मधले दोन दिवस त्या भावकीत देवपूजा झाली असेल, कुणाकडे कार्य झालं असेल."

"हळद झाली," ऋता म्हणाली. "मग काय, पाप लागलं त्यांना?"

"छे गं, पाप कसलं? कळलंच नव्हतं ना. कळेपर्यंत सुतक नसतं. माझे काका नागपूरला गेले, तार आठ दिवसांनी आली. तोवर आईने सत्यनारायणसुद्धा घातला होता. गुरुजी म्हणाले, ज्याच्या कानावर नाही, त्याच्या अंगावर नाही. कळलं त्या क्षणापासून देवाला शिवायचं नाही."

फोडणी ताकात पडली, चर्र झाली.

ऋताचा घास हवेतच राहिला. सोमवारी साखरोलीत कोंडाजी गायकर जिवंत होता. सगळ्यांच्या लेखी तो मुरबाडला होता. पोरीची आई त्याच्या ताटाला भाकर थापत होती, पुतण्या हळदीत नारळ फोडत होता. कुणालाच सुतक नव्हतं. असायला नको होतं.

"आई," राजसीने तिचा हात ओढला. "काऊचा घास दे ना."

६

शुक्रवारी सकाळी जीप दारात थांबली, तेव्हा स्वप्नाली कपड्यांची पिशवी भरून तयार होती. पिशवीवर तेजस्वीची शाळेची बाटली ठेवलेली. ती कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ऋता पिशवी ओलांडून गेली आणि तेजस्वीपुढे उकिडवी बसली. उजव्या हाताची पूर्ण मूठ वळलेली होती.

"एक हात झाला का गं?"

"हो! आता हा." तेजस्वीने डावा पंजा उघडून दाखवला.

"बोटं कशासाठी मिटतेस?"

"आई म्हणाली, आजोबा परत येणार नाय, म्हणून धा दिवस मिटायची."

स्वप्नालीने मान हलवली. "मी नंतर सांगितलं, मॅडम. ती आधीच मिटत होती. मला वाटलं, खेळच तिचा."

"मग आधी कोणी सांगितलं?"

"तात्याआजोबांनी. मी रोज शाळेच्या टायमाला देवळात जाते ना, सुट्टी असली तरी. ते अंगारा लावतात. सोमवारी बोलले, आता नाय लावायचा बाय. मी बोलले, उद्या? तर बोलले, रोज एक बोट मिट. धाही मिटली की लावीन." तिने मूठ पुढे केली. "हे सोमवारचं. हे मंगळवारचं."

ऋताने त्या मुठीवर आपला तळहात ठेवला. बुधवारी पहाटे झाकण निघालं होतं. या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला ते दोन दिवस आधीच ठाऊक होतं.

कमळाकर कालच्याच धोंड्यावर बसला होता. ऋता पायरीवर बसली, अशी की तिच्याशी बोलताना त्याला समोर देवी दिसावी.

"तात्या, तुमची कंबर धरली होती, आणि सोमवारी तुम्ही डोक्यावरून पोतं नेलंत."

कमळाकरने सदऱ्याची बाही खाली ओढली.

"कंबर धरली तर सुनेला पाठवायचं, नेहमीसारखं. तुम्ही सूनही नाही पाठवलीत, भावकीतली कुणीच नाही. कुंभारवाड्यात गेलात. हळदीत नारळ तुमच्या मानाचा, त्याला हात लावला नाहीत. पोर अंगाऱ्याला आली, तिचं कपाळ कोरं ठेवलंत. कैलासने नारळ फोडला, पण त्याचं मी धरत नाही. तो मानणारा नाही, ठाऊक असतं तरी फोडला असता. तुम्ही मानता. साखरोलीत सोमवारी सुतक कुणालाच नव्हतं, कारण मरण कुणालाच ठाऊक नव्हतं." ती थांबली. "ज्याच्या कानावर नाही, त्याच्या अंगावर नाही. तुमच्या अंगावर कसं आलं, तात्या? देवीकडे बघून सांगा."

वाऱ्याने दिवा हलला. वेणूबाईने आतून दोन्ही हातांचा आडोसा केला. कमळाकर त्या हातांकडे बघत राहिला.

"कोंड्यानं मला टाकीवर नेला," तो म्हणाला. आवाज कोरडा. "दोघांनी मिळून झाकण सारलं. म्हनला, ही टाकी बुजवू, वर कट्टा बांधू, देवी हितं आनून बसवू. मी म्हनलो, अरं, हितं तीन गावांचं गटार झिरपतं. म्हनला, कमळ्या, दगड तर हाय. उचलला नि ठेवला." त्याने गाभाऱ्याकडे पाहिलं. "दगड म्हनला. मी त्याला ढकलला. एवढंच, ढकलला."

"आणि झाकण?"



"खालनं हाक मारत व्हता. कमळ्या, हात दे. वर आला असता तर उद्या देवी गेली असती. मी झाकण लोटलं. वर बसलो. पाठ व्हतं नव्हतं ते समदं गानं म्हनलं देवीचं, ऐकू येऊ नये म्हनून. मंग हाक थांबली." त्याने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "सकाळी दिव्याला उठलो, आंघोळ केली, तेलाची बुधली घेतली. उंबऱ्यापाशी आलो नि ध्यानात आलं. आपल्याला तर सुतक हाय."

आतमध्ये वेणूबाईने दिव्याभोवतीचे हात काढून घेतले.

"लपवायचं तर लावायचा होता दिवा," ऋताच्या तोंडून निघून गेलं. "कुणाला कळलं असतं?"

"तिला," कमळाकर म्हणाला. तो आपणहून उठला. जाताना पायरीपाशी वाकला. हात मात्र पायरीला लावला नाही, वीतभर अंतरावरून कपाळाशी नेला.

जीप स्वप्नालीच्या दारावरूनच जाणार होती. दुसरा रस्ता नव्हता. स्वप्नालीने मागच्या सीटवर कोण आहे ते पाहिलं. तिचे हात पिशवीवरून निसटले. सुटका झाल्याचं कुठलंही चिन्ह त्या चेहऱ्यावर उमटलं नाही. उमटायला जागाच नव्हती. आतल्या चुलत सासऱ्यानेच दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या तिरडीला खांदा दिला होता.

ऋता खाली उतरली. पिशवीवरची पाण्याची बाटली उचलून तिने घरात नेऊन ठेवली, ओट्यावर, तिच्या जागी. ती बाहेर आली, तर तेजस्वी जीपच्या काचेला नाक लावून उभी होती. आतला माणूस तिच्याकडे बघत नव्हता. मान खाली घालून बसला होता.

ऋताला मागे ठेवून जीप वळली, धुळीचा लोट उठला आणि खाली बसला. आईची ओढणी धरावी तसा ऋताच्या वर्दीचा कोपरा धरून तेजस्वी उभी राहिली.

"तात्याआजोबांना कुठे नेलं?"

"लांब."

"परत येणार?"

ऋताने तोंड उघडलं. खोटं बोलायला फार सोपं होतं. घरी ती रोज बोलायची, औषध गोड आहे, आई लवकर येणार आहे. "नाही गं बहुतेक," ती म्हणाली.

तेजस्वीने आपली उजवी मूठ पाहिली. मग डाव्या हाताची उघडी बोटं. ती तिने एकदा मोजली, ओठ हलवत, आणि मान वर केली.

"मग मावशी, त्यांची बोटं कधीपासून मिटू?"